कोरडा कोपरा

चादरींच्या घड्या निम्म्यावर आल्या होत्या. दोरीवरून काढलेल्या सातांपैकी तीन पलंगावर नीट रचून झाल्या होत्या, आणि चौथीची दोन टोके दादाच्या हातात, दोन धाकटीच्या हातात होती. खिडकीतून वारा आला की मधली चादर पोटुशी बाईसारखी फुगायची आणि पुन्हा हळूच बसायची.

"ओढ ना जरा, दादा. कागद नाहीये तो, फाटणार नाही."

"तू आधी टोकाला टोक लाव. चार बोटं खाली आलीय तुझी बाजू."

"आली तर आली. झोपायचंय त्या चादरीवर, छापायची नाहीये." धाकटी हसली. पण भावाची जन्माची खोड तिला ठाऊक होती. तिने मुकाट्याने टोक वर घेतले.

धाकटी म्हणजे आता छप्पन्न वर्षांची बाई, पण दादाच्या तोंडी ती धाकटीच राहिली. तो घर सोडून गेला तेव्हा ती पंधराची होती. मधे एक्केचाळीस वर्षे गेली. गेल्याच्या आधीच्या शनिवारी तो बोटीच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा तिने त्याला चालीवरून ओळखले आणि त्याने तिला रडण्यावरून. एकवीस दिवस राहायची परवानगी घेऊन तो आला होता. त्यातले नऊ संपले. नऊ दिवसांत त्याने शेजारपाजाऱ्यांची चौकशी केली, आईच्या शेवटच्या दुखण्याचे सगळे विचारले, नळाचा वायसर बदलला, कपाटाचे बिजागर बसवले. एक गोष्ट मात्र त्याने विचारली नाही, आणि ती तो विचारत नाही हे धाकटी रोज पाहत होती.

शेवटी तिचाच धीर सुटला. चादरीची दुसरी घडी जुळवायला दोघे जवळ आले, तशी ती हळूच म्हणाली, "शिक्केवाली आहे हं अजून. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच राहते. मधेमधे प्रार्थनेला भेटते."

दादाच्या हातातून दोन्ही टोके सुटली. चादर फरशीवर पसरली.

"बघ! पुन्हा धुवायला आली," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जा. चप्पल घाल आणि जा. चादरी काही पळून जात नाहीत."

आता दादा म्हणजे कोण, आणि शिक्केवाली म्हणजे कोण, ते सांगायला हवे.

तरुणपणी दादा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना म्हणायचे खरे, नाहीतर ती एक लांबोडी खोली होती. एका भिंतीला दाबयंत्र, दुसरीला कातरयंत्र, मधे लांबच लांब टेबल, आणि कोपऱ्यात चुलीवर खळीचे पातेले. मैदा पाण्यात कालवून शिजवायचा, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, म्हणजे खळ झाली. दादाच्या कोपरांना, बाह्यांना, कधी कधी भुवयांनासुद्धा ती खळ लागलेली असायची. म्हणून कारखान्यात त्याला सगळे खळ्या म्हणत. हात मात्र सोन्याचा. त्याने शिवलेल्या पुस्तकाचे पान पन्नास वर्षांत सुटायचे नाही, असे मालक गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत.

समोरच्या गल्लीत वाचनालय होते. तिथे पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारायला एक मुलगी बसे. ठाप, ठाप, ठाप. मान वर न करता ती असा शिक्का मारी की शाई कधी पसरली नाही. तीच शिक्केवाली. दर शनिवारी खळ्या वाचनालयाच्या दारात उभा राही आणि विचारी, "बांधणीला काही आहे का?" ती फाटकी पुस्तके पुढे सरकवी. बुधवारी दुपारी ती स्वतः कारखान्यात येऊन बांधलेली पुस्तके घेऊन जाई.

एवढ्यावरच थांबले असते तर गोष्ट झालीच नसती. एका बुधवारी एका पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर तिचा अंगठा फिरला. पुठ्ठ्याच्या आतून जो अस्तराचा कागद चिकटवतात, त्याचा खालचा कोपरा सुटलेला होता. खळ्यासारख्या माणसाचे काम, आणि कोपरा सुटलेला? तिने नख घातले. आत बोटभर चिठ्ठी होती: "तुमचा शिक्का कधी वाकडा का पडत नाही?"

तिने चिठ्ठी काढून घेतली आणि कोपरा स्वतः चिकटवला. शनिवारी एका फाटक्या पुस्तकाच्या त्याच कोपऱ्यात उत्तर होते: "मान वर केली तर पडेल."

वर्षभर हे चालले. नियम न बोलता ठरला. कोपरा कोरडा असेल तर आत काहीतरी आहे. कोपरा चिकटलेला असेल तर आज काही सांगायचे नाही. घरी सर्दीपडसे असो की वडिलांचा ओरडा असो, ती बुधवारी आली की आधी अंगठा कोपऱ्यावरून फिरवी, मग पुस्तके मोजी. कारखान्यातल्या कुणाच्या बापाला पत्ता नव्हता; घरी एका धाकटीला तेवढी कुणकुण होती.

मग ते दिवस आले. सरकारविरुद्ध पत्रके निघू लागली. ती कोण लिहीत होते ते दादाला कधी कळले नाही, पण पुठ्ठ्यांच्या पोटात लपवून ती गावोगाव पाठवायचे काम त्याने केले होते. एका मंगळवारी दुपारी बातमी आली: यादीत तुझे नाव आहे, गुरुवारी चारच्या बोटीने नदीपलीकडे, सरहद्दीबाहेर जा, नंतर बोट नाही.

त्या वेळी टेबलावर शिक्केवालीचे पुस्तक पडले होते. वाचनालयाचे नव्हे, तिचे स्वतःचे. तिच्या आईचे प्रार्थनेचे पुस्तक, आई गेल्यावर तिने नव्याने बांधायला दिलेले. दादाने त्या दुपारी घाईघाईने चिठ्ठी लिहिली, घडी घातली, मागच्या पुठ्ठ्यात ठेवली, पुस्तक पुरे करून मालकांच्या हवाली केले आणि एका ओळखीच्या घराच्या माळ्यावर जाऊन लपला. गुरुवारी कातरकाम करणारा म्हातारा त्याचे गाठोडे घेऊन धक्क्यावर आला. दादाने एकच विचारले. म्हातारा म्हणाला, "नेलं की पुस्तक. काल दुपारीच घेऊन गेली."

म्हणजे तिला मिळाले. दादा कठड्याला धरून उभा राहिला. चार वाजले. भोंगा झाला. ती आली नाही.

तिकडे त्याने पुष्कळ वर्षे दवाखान्याच्या नोंदवह्या शिवल्या. तिथली भाषा शिकला, तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केले. बायको मनाने चांगली होती, चार वर्षांपूर्वी देवाघरी गेली. मुलगी तिकडेच आहे. संसारात उणे काही नव्हते. पण दुपारी जेवणानंतर डोळा लागला की तो त्याच कठड्याशी उभा असे, हातातून पाणी जावे तसा धक्का मागे मागे जाई, आणि एकच प्रश्न वर येई: वाचूनही ती का आली नाही? येत नाही, एवढे तरी का कळवले नाही? सरकार पत्रे फोडत होते, तिच्या दारी संकट नको, म्हणून त्याने पत्र लिहिले नाही. पुढे लिहिण्याचे दिवसच निघून गेले. सरकार बदलले, परवानगी मिळाली, आणि एकोणसत्तराव्या वर्षी तो हा एक प्रश्न घेऊन परत आला. नऊ दिवस त्याला तो विचारायचा धीर होत नव्हता.

तो निघाला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. दुकाने अर्धी मिटलेली, रस्त्यावर ऊन आळसावून पडलेले. माणसे होती, पण लांबच्या लांब, जशी झोपेत दिसतात तशी. दादा चालत होता आणि पाय त्याला नेत होते. डावीकडे वळायला हवे हे पायांना आधी कळले, डोळ्यांना मागाहून. कोपऱ्यावरचा हौद बुजवून तिथे सायकली लावायची जागा केली होती, तरी पाय हौदाला वळसा घालूनच गेले.

कारखान्याच्या जागी चष्म्यांचे दुकान होते. काचेत शेकडो चष्मे मांडलेले, आणि त्या प्रत्येकातून कुणीतरी आपल्याकडे पाहते आहे असे त्याला वाटले. तो उभा राहिला. आणि देवाशपथ, त्याला खळीचा वास आला. शिजत आलेल्या, चमच्याला धरू लागलेल्या खळीचा. आत कुठेतरी दाबयंत्राचे चाक करकरले, म्हातारा खोकला, मालक ओरडले, "खळ्या, लागलं बघ खाली!"

"काका, डोळे तपासायचेत का?" दुकानातल्या मुलीने दारातून विचारले.

"नाही, बाळ," दादा म्हणाला. "बरं दिसतंय मला."

वाचनालय होते तिथेच होते. फक्त दार हिरव्याचे निळे झाले होते. बाजूचा लाकडी जिना चढून तो वरच्या दाराशी गेला. दार उघडेच होते. आत कुणीतरी भांडी पुसून फळीवर लावत होते. दादाने कडी वाजवली.

"कोण आहे?"

नाव सांगावे, तर ते तोंडातून बाहेर पडेना. मग जीभच आपोआप वळली. "बांधणीला काही आहे का?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग आतून उत्तर आले, "आज शनिवार नाहीये."

ती बाहेर आली. केस पांढरे, अंगाने सुटलेली, खांद्यावर पुसण्याचे फडके. दादाला वाटले, ही घरातली कुणी वडीलधारी बाई आहे, आता आत हाक मारेल आणि ती येईल. मग तिने मान जरा वाकडी केली आणि ती तीच झाली.

"बसा," ती म्हणाली. "ती नको, ती खुर्ची हलते. इकडे बसा. टक्कल पडलं म्हणायचं."

"पडलं."

"बरं झालं. केसांना तरी खळ लागायची थांबली."

दोघे हसले. तिने पाणी दिले. खोली एकच होती. पलंग, टेबल, टेबलावर शिवणाचा डबा, खिडकीत एक कुंडी, भिंतीवर तिच्या यजमानांचा फोटो. ते चित्रकला शिकवत. सहा वर्षे झाली जाऊन. "भला माणूस," ती म्हणाली, "चित्र मात्र एकही धड नाही काढलं. सगळ्या माणसांना एकच नाक. मुलगा दूर आहे, दर रविवारी फोन करतो. माझी तक्रार नाही काही. तुमचं?"

दादाने आपले सांगितले. तिने ऐकले. खाली वाचनालयात कुणीतरी शिक्का मारत होते, त्याची ठाप लाकडातून वर येत होती.

"वाकडे मारते ही नवी," ती म्हणाली. "आवाजावरून कळतं मला."

आता विचारायला हवे, असे दादाने मनाशी ठरवले. त्याने पेला खाली ठेवला. पण तोंड तिनेच आधी उघडले, आणि तिच्या तोंडचे 'तुम्ही' कधी गळून पडले ते दोघांच्याही ध्यानात आले नाही.

"एक विचारते. इतकी वर्षं ठेवलंय, आता नाही ठेववत. तू जाणार हे तुला ठाऊक होतं ना? मंगळवारीच?"

"होतं."

"मग एक ओळ लिहायला काय झालं होतं रे? दोन शब्द? 'जातो', एवढं तरी?"

दादाचा जन्मभराचा प्रश्न कुणीतरी त्याच्या हातातून काढून घेऊन उलटा करून त्याच्यापुढे ठेवला होता.

"मी लिहिलं होतं."

"कुठे लिहिलंस?"

"पुस्तकात. नेहमीच्या जागी. गुरुवारी चारला धक्क्यावर ये म्हणून. तू आली नाहीस. मी कठड्याला धरून..."

"खोटं बोलू नकोस हं. या वयात तरी नको." तिचा आवाज चढला. "मी कारखान्याच्या दारातच अंगठा फिरवला होता. कोपरा बंद होता. पक्का. कडेपर्यंत. आपला नियम होता, की बंद कोपरा म्हणजे काही सांगायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी कळलं की तू गेलास. मी समजले, एवढा शहाणा माणूस, कोपरा बंद करून गेला म्हणजे काय ते सांगूनच गेला."

"बंद? शक्य नाही. मी कोरडा ठेवला होता."

ती उठली. उशाच्या फडताळातून तिने पुस्तक आणले आणि त्याच्या हातात ठेवले. "बघ. तुझंच काम आहे."

पुस्तकाची पाठ मधोमध चिरली होती, कडा हातांच्या वावराने काळ्या मऊ पडल्या होत्या. दादाने ते उलटे केले, मागचा पुठ्ठा उघडला आणि अंगठा खालच्या कोपऱ्यावर ठेवला. बंद. कडेपर्यंत, जन्माचा.

त्याने अंगठा थोडा वर सरकवला. कागदाखाली बोटभर लांबीचा उंचवटा होता. त्याची एक कड जराशी जाड होती, घडीची. मग त्याने पुस्तक नाकाशी नेले, जसे कुणी फूल नेईल तसे, आणि डोळे मिटले.

"खळ नाही ही," तो म्हणाला. "सरस आहे."

मिटल्या डोळ्यांपुढे तो मंगळवार उभा राहिला. खळ वाळायला रात्र लागते. त्याच्यापाशी रात्र नव्हती. म्हणून त्याने सरस गरम केला होता, हाडाकातड्यांचा झटपट धरणारा गोंद. खळीचे काम सावकाशीचे असते, कागद लावा, उचला, पुन्हा लावा, कोपरा हवा तर कोरडा ठेवा. सरस कुणासाठी थांबत नाही. कुंचा बुडवला की एका दमात कडेपासून कडेपर्यंत ओढायचा, नाहीतर तो मधेच धरतो. दहा वर्षांची हाताला लागलेली सवय. हाताने कुंचा ओढला, डोके बोटीत होते. चिठ्ठी आत ठेवणारा तोच, आणि तिच्यावर दार लावणाराही तोच.

"मीच बंद केला," तो म्हणाला. "घाईत. माझ्याच हाताने." त्याने पुस्तक मांडीवर ठेवले. "तू ये म्हणून लिहिलं आणि तुझ्याच तोंडावर दार लावलं. आणि वर तिकडे बसून एक्केचाळीस वर्षं तुला बोल लावत राहिलो. चिठ्ठी आतच आहे. इथे. हात लाव."

तिने अंगठा ठेवला. तो उंचवटा शोधावा लागला नाही. अंगठा आपला आपण तिथे जाऊन बसला.

"हे?" ती म्हणाली. "ही गाठ मला ठाऊक आहे. मला वाटायचं पुठ्ठ्यातच आहे. रोज सकाळी पुस्तक कपाळाला लावते ना, तेव्हा अंगठा इथेच असतो माझा. मुलाच्या तापात, ह्यांच्या आजारपणात, रोज." ती पलंगावर बसली. "म्हणजे देवाचं नाव घेताना रोज तुझी चिठ्ठी कपाळाला लावत होते मी. देव तरी काय म्हणाला असेल!"

"त्याला ठाऊक असणार."

"त्याला ठाऊक होतं तर मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली, आणि डोळे पुसायला खांद्यावरचे फडके घेतले. मग फडक्याकडे पाहून रडता रडताच हसली. "भांड्याचं फडकं आहे मेलं."

खिडकीतले ऊन कुंडीवरून उतरून फरशीवर आले होते. नदीवरून बोटीचा भोंगा झाला. चारचा. दोघांनीही तो ऐकला. कुणीही उठले नाही.

"वाफ दिली तर सुटेल," काही वेळाने दादा म्हणाला. "सरस गरम ओलीला नरम पडतो. तुझ्याकडे किटली आहे ना? अक्षरं घडीच्या आत आहेत. शाबूत असतील."

ती उठली, किटलीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तिने यजमानांच्या फोटोकडे पाहिले, मग पुस्तकाकडे.

"आत्ता नको," ती म्हणाली. "फोडल्यासारखं होईल. आपण कधी फोडत नव्हतो, काढून घेत होतो." ती परत आली आणि पुस्तक फडक्याने पुसून पुन्हा त्याच्या हातात दिले. "पाठ मोडलीय याची. पानं सुटत नाहीत म्हणे तुझ्या हातची. हे बघ, चार सुटली."

"पन्नास वर्षांची बोली होती मालकांची. नऊ राहिली होती."

"मग भर ती. घरी ने, नीट बांध. चिठ्ठी काढ. हवी तर वाच, लाज वाटली तर नवी लिही, मला विचारू नकोस. पण ठेव परत तिथेच." ती थांबली आणि बोट उगारून, वाचनालयात दंगा करणाऱ्यांवर उगारायची तसे, म्हणाली, "आणि या खेपेला कोपरा कोरडा."

"खळीनंच करतो. पण वेळ लागेल. शिवण, पाठ, मग आठ दिवस वजनाखाली ठेवायला हवं. माझ्या परवानगीचे बाराच दिवस उरलेत."

"मला नाहीये घाई," ती म्हणाली. "बुधवारी घ्यायला येईन. या नाही, पुढच्या."

जिना उतरताना दादाने पुस्तक शर्टाच्या आत, छातीशी धरले होते. रस्ता आता जागा झाला होता, दुकानांची दारे वर जात होती. हौद नसलेल्या हौदाला वळसा घालून तो घरी आला, तेव्हा धाकटी दारातच होती. आत पलंगावर तीन घड्या होत्या तशाच, आणि चौथी चादर खुर्चीवर अर्धी दुमडलेली.

"काय रे? भेटली? विचारलंस?"

"तिनेच विचारलं."

"म्हणजे?"

"सांगतो. आधी ही टोकं धर."

दोघांनी चादर ताणली. टोकाला टोक आले. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि हात काम करत होते. धाकटीने पाहिले, आणि पाचव्या चादरीची टोके त्याच्या हातात दिली. उरलेल्या तीनही घड्या झाल्यावर त्याने शर्टातून पुस्तक काढून चादरींवर ठेवले, आणि सगळे सांगितले. धाकटी ऐकत राहिली, मधे मधे पुस्तकाला हात लावत राहिली.

"आता?" शेवटी तिने विचारले.

"जुनं पातेलं आहे का एखादं? पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही असं?"

"आहे. कशाला?"

दादाने चपला पुन्हा पायात सरकवल्या. वाण्याकडून पाव किलो मैदा आणायचा होता, आणि रंगाचे दुकान बंद व्हायच्या आत चिमूटभर मोरचूद.